वस्तूची खोड

ठमीने लिहिलेला चॅटबॉट सोमवारी सुरू झाला आणि मंगळवारी त्याने एका माणसाचं क्लॅरिनेट भलत्याच माणसाला देऊन टाकलं. तेही कसं, तर गोड बोलून, अभिनंदन करून आणि वर ‘आणखी काही मदत हवी आहे का’ असं विचारून.

ठमी हे तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. हे नाव ठेवलं मामांनी, ती दीड वर्षाची असताना, आणि मामा म्हणजे बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या कक्षातले एकमेव कारकून. डेपोच्या मागच्या अंगाला, टायरच्या गोदामाला चिकटून त्यांची खोली. बाहेरच्या बाजूला एक खिडकी, खिडकीखाली लाकडी बाक, आत छतापर्यंत रॅक. रॅकवर छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे, एक कृत्रिम दातांची कवळी आणि एक शिवणयंत्र. हे शिवणयंत्र कोणी बसमध्ये कसं विसरू शकतं, याचा विचार मामा सहा वर्षं करत होते आणि अजून त्यांना उत्तर सापडलं नव्हतं.

मामांच्या खिडकीचा एकच नियम होता. वस्तू कशी आहे ते आपण सांगायचं नाही, समोरच्याने सांगायचं. कोणी येऊन म्हणालं, “माझी पर्स आली का हो? तपकिरी?” तर मामा ना हो म्हणत ना नाही. चेहरा असा कोरा ठेवत की माणसाला वाटावं, याला ऐकू येतं की नाही. मग म्हणत, “सांगा पुढे.” ह्या ‘सांगा पुढे’पायी मामांवर तक्रारी झाल्या होत्या, एका बाईने तर त्यांना तोंडावर दगड म्हटलं होतं. पण सव्वीस वर्षांत चुकीच्या हाती एक रुमालही गेला नव्हता.

डेपोच्या साहेबांना मात्र रांग दिसत होती. त्यांनी ठमीच्या कंपनीला काम दिलं: लोकांनी फोनवरूनच विचारावं, बॉटने उत्तर द्यावं, वस्तू जुळली की कोड द्यावा, आणि खिडकीवर नुसता कोड दाखवून वस्तू न्यावी. काम ठमीकडे आलं तेव्हा तिने मुद्दाम साहेबांना सांगितलं की खिडकीतले कारकून माझे सख्खे मामा आहेत. साहेब खूश झाले. “मग तर घरचंच काम,” असं म्हणाले. घरच्या कामात घोडं कुठे अडतं ते साहेबांना माहीत नव्हतं.

“एंडपॉइंट म्हणजे काय गं?” मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“खिडकीच की,” ठमी म्हणाली. “सर्व्हरवरची. त्या पत्त्यावर प्रश्न येतो. माझा कोड, म्हणजे मी लिहिलेला प्रोग्रॅम, तो उचलतो, आपल्या वस्तूंची यादी आणि ‘असं बोल, असं बोलू नकोस’ अशा सूचना त्याला जोडतो आणि सगळं मिळून भाषेच्या मॉडेलला पाठवतो. ते उत्तर तयार करतं. कोड ते उत्तर परत माणसाच्या फोनवर पाठवतो. झालं.”

“यादी आख्खी?”

“आख्खी. नाहीतर त्याला कळणार कसं, काय सापडलंय ते?”

मामांनी नुसतं नाक चोळलं. मामांनी नाक चोळलं की समजावं, पटलेलं नाही. ठमीला ते लहानपणापासून माहीत होतं, पण त्या दिवशी तिला घाई होती.

यादी करताना तिने मामांच्या जाडजूड नोंदवहीतले रकाने घेतले: वस्तू, रंग, मार्ग, वेळ, आतलं सामान. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं ‘खोड’. त्यात मामांच्या बारीक अक्षरात काहीबाही असे. ‘चेन मध्येच अडकते.’ ‘डावी काडी सैल.’ ‘झाकण उलटं लावलं तरच बसतं.’ हा रकाना ठमीने गाळला. असल्या माहितीचं बॉटने काय लोणचं घालायचं? सोमवारपासून कंडक्टर स्वतःच फोनवरून वस्तूची नोंद करणार होते आणि त्यांच्या फॉर्ममध्येही तो रकाना नव्हता. आणि मामांना तिने बजावलं, “कोड जुळला की वस्तू द्यायची. वाद घालायचा नाही. ‘सांगा पुढे’ तर मुळीच म्हणायचं नाही.”

बुधवारी सकाळी दहाला मामांचा फोन आला. मामा कामाच्या वेळात फोन करणाऱ्यांतले नव्हते.

“ठमे, इकडे ये. एक गृहस्थ आलेत. क्लॅरिनेट मागतायत.”

“मग द्या की.”

“काल देऊन झालंय.”

बाकावर एक साठीचा, सडपातळ माणूस बसला होता. बँडमध्ये वाजवायचा. सोमवारी रात्री तालमीहून परतताना सात नंबरच्या बसमध्ये पेटी राहिली, असं त्याने सांगितलं आणि मग जे सांगितलं ते खाली बघून सांगितलं. शनिवारी संध्याकाळी हॉलवर कार्यक्रम होता. बँडमास्तरने आधीच एक तरुण वादक बघून ठेवला होता, त्याच्याकडे नवंकोरं वाद्य होतं. मास्तर एवढंच म्हणाले होते की शनिवारी तुम्ही आलात तर तुम्ही, नाहीतर तो. आणि एकदा तो त्या खुर्चीत बसला की उठणार नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं.

“दुसरं घेऊन नाही का वाजवता येणार?” ठमीने विचारलं.

वादकाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला दुसऱ्याच्या दातांनी जेवायला सांगितलं होतं.

त्याला घरी पाठवून ठमीने लॅपटॉप उघडला आणि सर्व्हरवरचे मंगळवारचे संवाद काढले. मामा मागे उभे राहून चष्मा पुसत वाचत होते.

मंगळवारी दुपारी एकाने लिहिलं होतं: ‘काल सात नंबरमध्ये छत्री राहिली. मिळाली का?’

बॉटने लिहिलं होतं: ‘क्षमस्व, तुमची छत्री अजून नोंदीत दिसत नाही. पण काल त्याच बसमध्ये सापडलेल्या इतर वस्तू अशा: एक जेवणाचा डबा, एक निळा हातमोजा आणि काळ्या पेटीतलं क्लॅरिनेट. यातलं काही तुमचं आहे का?’

चार मिनिटांनी: ‘क्लॅरिनेट?’

‘होय! काळी पेटी, पितळी कड्या, आत लाल मखमल, सोबत पुसायचं पिवळं फडकं. हे तुमचंच आहे का?’

मग अकरा मिनिटं काहीच नाही. मग एकच शब्द: ‘हो.’

‘अरे वा, अभिनंदन! तुमचा कोड खालीलप्रमाणे...’

ठमीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो माणूस एक अक्षर बोलला नव्हता. छत्री मागायला आला होता. वस्तूचं वर्णन, रंग, कड्या, मखमल, सगळं तिच्या बॉटने ताटात वाढून पुढे केलं होतं आणि आग्रहही केला होता.

“म्हणजे तुझ्या त्या खिडकीत जो बसलाय,” मामा सावकाश म्हणाले, “त्याला तू आख्खी खोली उघडून दिलीस, आणि वर सांगितलंस, लोकांशी गोड बोल.”

“मामा, टोमणे नंतर मारा.”

“टोमणा नाही गं. माझंही चुकलंच. तो आला तेव्हा मी विचारलं, वाजवता का? तर म्हणाला, ‘वाजवायचो.’ ‘वाजवतो’ नाही, ‘वाजवायचो’! तिथेच मी हात आखडायला हवा होता. पण तू म्हणाली होतीस, वाद घालायचा नाही.”

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर ठमीला बरं वाटलं असतं. त्यांनी ते अगदी साधेपणाने म्हटलं, आणि ती खुर्चीत आणखी खाली सरकली.

त्या माणसाचं नाव नव्हतं, नंबर नव्हता. नाव-पत्ता विचारत बसू नका, लोक कंटाळतात, ही साहेबांची सूचना. सर्व्हरवर होता तो फक्त त्या संवादाचा क्रमांक. त्याने त्याच फोनवरून पुन्हा बॉट उघडला, तर जुना संवाद पुढे चालू होणार होता. एवढाच धागा हाती होता.

बॉट बंद करून टाकावा असं ठमीला क्षणभर वाटलं. पण बंद केला तर तोही धागा तुटणार. म्हणून तिने दुपारभर मामांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून कोड बदलला. यादी मॉडेलकडे पाठवणं आधी थांबवलं. आता मॉडेलने नुसतं विचारायचं, माणसाचं उत्तर सर्व्हरने घ्यायचं, यादीशी पडताळणी सर्व्हरवरच करायची, आणि मॉडेलला कळायचं ते एवढंच की जुळलं की नाही. ज्याला काही माहीतच नाही तो फोडणार काय! आणि त्या एका संवादासाठी तिने वेगळी वाट केली: त्या क्रमांकावरून काही आलं तर ते मॉडेलकडे न जाता थेट मामांच्या संगणकावर यावं, आणि मामा टाइप करतील तेच उत्तर म्हणून जावं.

“म्हणजे मी बॉट?” मामांनी विचारलं.

“तेवढ्यापुरते.”

“पगार त्याचा की माझा?”

काम करता करता तिने विचारलं, “मामा, तो खोडीचा रकाना कशाला ठेवता हो तुम्ही?”

“अगं, रंग काय, कोणीही सांगेल. खोटा माणूस वस्तूचं कौतुक करतो. चांगली होती, नवी होती, महागाची होती. खरा मालक आधी खोड सांगतो. चेन अडकते, मूठ फिरते. रोज तीच खोड सोसत असतो ना तो. रंग विचारलास तर अडखळेल बिचारा.”

ठमीने हात थांबवला. ती हे सव्वीस वर्षं, निदान कळत्या वयापासून तरी, विचारू शकली असती. विचारलं नव्हतं, कारण मामांच्या कामात विचारण्यासारखं काही असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. याची तिला लाज वाटली, आणि तिने तो रकाना नव्या यादीत सगळ्यात वर घातला.

गुरुवारी सकाळी वादक येऊन बाकावर बसून गेला. दहाच्या बसने आला आणि बाराच्या बसने गेला. दुपारी तीनला मामांच्या संगणकावर ओळ उमटली: ‘छत्रीचं काय झालं?’

“निर्लज्ज!” ठमी ओरडली. “मामा, लिहा त्याला, आधी क्लॅरिनेट...”

“थांब. छत्री विचारतोय ना? छत्रीचं उत्तर द्यायचं.” मामांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत टाइप केलं: ‘छत्रीत काय बिघडलेलं आहे?’

उत्तर ताबडतोब आलं. ‘एक काडी बाहेर येते. उघडताना डोळा सांभाळावा लागतो. मूठ गोल फिरते, चिकटवली तरी फिरते.’

मामा उठले, बुधवारी सफाईवाल्याने आणून दिलेली एक छत्री रॅकवरून काढली, उघडली. काडी बाहेर आली. मूठ फिरली.

“ही याची,” मामा म्हणाले. त्यांनी पुन्हा खुर्चीत बसून लिहिलं: ‘छत्री सापडली आहे. उद्या चार वाजता खिडकीवर या.’ मग थोडं थांबून पुढची ओळ लिहिली: ‘येताना पेटी घेऊन या.’

पडद्यावर तो माणूस लिहीत असल्याची खूण दिसली, थांबली, पुन्हा दिसली. ठमी नखं कुरतडत होती. शेवटी आलं: ‘बरं.’

शुक्रवारी मामांनी ठमीला खिडकीत बसवलं. “आज तू विचार,” म्हणाले. “आणि चेहरा कोरा ठेव. तुझा चेहरा म्हणजे उघडी वही आहे, तुझ्या आईसारखा.”

चारला पाच कमी असताना एक पन्नाशीचा माणूस आला. स्वच्छ नखं, इस्त्रीचा शर्ट, खिशाला छोटा कंगवा. काळी पेटी त्याने खिडकीच्या फळीवर ठेवली आणि म्हणाला, “चुकून नेली होती.” ठमीने त्याच्यावर तोंडसुख घ्यायची पूर्ण तयारी केली होती, पण मामांनी मागून फक्त छत्री पुढे केली आणि पावतीवर सही मागितली. सही करून तो वळला, तेवढ्यात वादक फाटकातून आत आला, मामांनी त्यालाही चारलाच बोलावलं होतं. पेटी फळीवर दिसताच जवळजवळ पळत. छत्रीवाला बाजूला सरकला आणि छत्रीची काडी सरळ करण्याचं निमित्त करून फाटकापाशी रेंगाळला.

“हीच! हीच ती!” वादकाने हात पुढे केला.

ठमीने पेटी आत ओढली. “माफ करा काका, विचारावं लागतं.”

“विचारायचं काय त्यात? काळी पेटी, पितळी कड्या, आत...”

“ते आता सगळ्यांना माहीत आहे.” हे म्हणताना तिला स्वतःचीच चीड आली. “यात काय बिघडलेलं आहे ते सांगा.”

वादक थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. “वरून तिसरी कळ,” तो म्हणाला. “दाबली की दबूनच राहते. स्प्रिंग ढिली झालीय. बोटाच्या कडेने उचलावी लागते. नऊ वर्षं झाली.”

ठमीने पाठ वळवली, पेटी उघडली, वरून तिसरी कळ दाबली. कळ टपकन वर आली. तिने पुन्हा दाबली. पुन्हा वर आली. आपण चुकून भलतीच कळ धरली नाही ना, म्हणून तिने बोटाने मोजलं. एक, दोन, तीन. दाबली. वर आली.

तिने मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा दगड. नोंदवहीत बघण्याची सोय नव्हती. ही वस्तू नव्या फॉर्मवरून आली होती, खोडीचा रकाना तिनेच गाळला होता.

“आणखी काही?” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“आणखी काय सांगू?” वादकाने हात फळीवर टेकला. “पिवळं फडकं आहे. लाल मखमल... बाई, उद्या कार्यक्रम आहे माझा.”

तिला आतून माहीत होतं की हे याचंच आहे. पण मंगळवारीही एकाला ‘हे तुमचंच ना’ असं विचारून तिच्याच बॉटने दिलं होतं, आणि ते याचं नसलं तर पुन्हा एकदा, या वेळी तिच्या हातून, ते भलत्याकडे जाणार होतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलं नाही.

“मला हे तुम्हाला देता येत नाही,” ती म्हणाली.

वादकाने फळीवरचा हात काढून घेतला आणि तो मागे बाकावर बसला.

“देऊन टाका त्यांना.” फाटकापाशी उभा असलेला छत्रीवाला पुढे आला. तो निघून गेला असता तर त्याला कोणी अडवणार नव्हतं, ही गोष्ट ठमी नंतर आईला सांगताना पुन्हा पुन्हा सांगे. “ती कळ मी नीट केली. बुधवारी. स्प्रिंग सोडून, वाकवून परत बसवली.”

“तुम्ही?” ठमी म्हणाली.

“मी सलून चालवतो. पूर्वी वाजवायचो. दुकान टाकायच्या वेळी वाद्य विकलं.” तो ठमीशी नाही, वादकाशी बोलत होता. “मी छत्रीच विचारली होती हो. पण तिकडून विचारलं, ‘हे तुमचंच आहे का?’ गिऱ्हाईक खुर्चीत होतं, अर्ध्या डोक्याचे केस कापून झालेले. मी अकरा मिनिटं फोनकडे बघत उभा. मग लिहिलं, हो. माझं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. चोरीच ती. पण आयुष्यात मी कोणाचा कंगवाही उचललेला नाही.”

मामांनी ठमीच्या हातातून पेटी अलगद घेतली आणि फळीवरून वादकापुढे सरकवली. वादकाने सलूनवाल्याकडे पाहिलंही नाही. त्याने वाद्याचे भाग जोडले, तोंडाशी बसवायची वेताची पट्टी ओली केली, ओठांना लावलं आणि वाजवायला सुरुवात केली.

चौथ्याच स्वराला वाद्य किंचाळलं. त्याने थांबून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच किंचाळलं. बोट कळ उचलायला जायचं आणि कळ आधीच वर आलेली असायची, मग बोट भलतीकडे पडायचं. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून वाजवलं. तरी तेच. नऊ वर्षांची सवय उद्या संध्याकाळपर्यंत सुटणार नव्हती, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना समजलं, संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्या मामांनासुद्धा.

आता वादकाने सलूनवाल्याकडे पाहिलं. “काय केलंत हे?”

“नीट केलं,” तो बिचारा पुटपुटला.

“मग परत बिघडवा.”

सलूनवाल्याने शर्टाच्या खिशातून एक बारीक चिमटा काढला. दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले, वाद्य वादकाच्या मांडीवर. सलूनवाल्याने स्प्रिंग खाचेतून सोडवली, केसाएवढी उलटी वाकवली, परत अडकवली. वादकाने कळ दाबून पाहिली.

“अजून थोडी.”

त्याने अजून थोडी वाकवली.

“अजून.”

“इतकी ढिली होती?”

“इतकीच होती.”

ठमी खिडकीतून वाकून बघत होती, हातातली पावती तशीच धरून. वादकाने पुन्हा कळ दाबली. ती दबली आणि दबूनच राहिली. त्याने बोटाच्या कडेने ती उचलली, पुन्हा दाबली, पुन्हा उचलली. मग उठून खिडकीपाशी आला आणि सहीसाठी पेन मागितलं.

“आता बरोबर झालं?” ठमीने विचारलं.

“आता माझं झालं,” तो म्हणाला.